मुलांचे ऑनलाइन संरक्षण : पालकांचे काम आणि कायद्याचे काम

चेन्नई शहरातील नुंगंबाक्कम भागात हॅडोज मार्गावर शास्त्री भवन ही केंद्र सरकारच्या कचेऱ्यांची इमारत आहे. चित्रपट प्रमाणन मंडळाची प्रादेशिक कचेरी तेथेच आहे. चित्रपट लोकांपुढे येण्यापूर्वी या कचेरीत तपासला जातो आणि तो कोणत्या वयाच्या प्रेक्षकांस योग्य आहे, हे ठरविले जाते. जवळच कॉलेज मार्गावर तामिळनाडूच्या शालेय शिक्षण खात्याचे आवार आहे. मुलांनी काय पाहू नये याचा विचार करणारे एक कार्यालय आणि त्यांनी काय शिकावे याचा विचार करणारे दुसरे, अशी दोन्ही एकाच वस्तीत आहेत. परंतु या वस्तीतील शाळकरी मुलाच्या हाती असलेल्या मोबाइलच्या पडद्यावर काय उमटेल, हे या दोहोंपैकी कोणीही ठरवीत नाही. मग ते कोणी ठरवावे? पालकांनी की शासनाने? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी प्रथम जुन्या पडद्याची व्यवस्था समजून घेणे उपयुक्त ठरेल.

चित्रपटगृहाची व्यवस्था

१९४९ साली कायद्यात दुरुस्ती होऊन भारतात चित्रपटांचे दोन वर्ग पडले : सर्वांसाठी ‘यू’ आणि प्रौढांसाठी ‘ए’. १९५२ च्या चलच्चित्र अधिनियमानेही ही विभागणी कायम ठेवली. १९८३ साली ‘यूए’ हा मधला वर्ग आला. असा चित्रपट मुलांना पाहता येतो, मात्र त्यास पालकांचे मार्गदर्शन असावे अशी अपेक्षा असते. २०२३ च्या दुरुस्तीने या वर्गाचे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन पोटभाग केले.

या व्यवस्थेत तीन कामे तीन जणांकडे सोपविलेली आहेत. चित्रपट तपासण्याचे काम शासनाचे, कारण प्रत्येक चित्रपट आधी पाहून ठेवणे कोणत्याही आईबापांस शक्य नाही. ‘ए’ चित्रपटास आलेल्या मुलाला दारातून परत पाठविण्याचे काम चित्रपटगृहाचे, कारण दरवाजा त्याच्या ताब्यात असतो. ‘यूए’ चित्रपट आपल्या मुलाला झेपेल की नाही हे ठरविण्याचे काम पालकांचे, कारण ते मूल भित्रे आहे की धीट, हे त्यांनाच ठाऊक असते. ज्याच्याजवळ ज्ञान किंवा सामर्थ्य आहे, त्याच्याकडे ते काम, असे हे साधे तत्त्व आहे.

दरवाजा नाहीसा झाला

हे तत्त्व आज कोठे अडते, हे एका अलीकडील उदाहरणावरून दिसून येईल. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘कुली’ हा रजनीकांत यांचा तामिळ चित्रपट ‘ए’ प्रमाणपत्रासह प्रदर्शित झाला. ते बदलून ‘यूए’ मिळावे, म्हणून निर्मात्यांनी मद्रास उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने ती फेटाळली. कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलास चित्रपटगृहात प्रवेश नव्हता. पुढच्याच महिन्यात तो चित्रपट ऑनलाइन सेवेवरून घरोघरी उपलब्ध झाला. प्रमाणपत्र तेच होते. तिकीट तपासणारा मनुष्य मात्र आता दारात नव्हता.

२०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी अशा सेवांवर काही बंधने घातली आहेत. प्रत्येक चित्रपटापुढे वयोगट दाखविला पाहिजे, तेरा वर्षांवरील वर्गापासून पुढे पालकांसाठी कुलपाची सोय असली पाहिजे आणि प्रौढांच्या चित्रपटासाठी वय पडताळण्याची विश्वसनीय व्यवस्था असली पाहिजे. म्हणजे कुलूप तयार करणे हे सेवेचे काम. ते लावणे हे पालकांचे.

चित्रपट निदान एक ठरावीक वस्तू असते. ती एकदा तपासली की पुरते. परंतु समाजमाध्यमांवरील चित्रफिती दर क्षणास नव्या येत असतात आणि मुलाने कोणती चित्रफीत किती वेळ पाहिली यावरून पुढची निवडणारी शिफारस-यंत्रणा प्रत्येक मुलापुढे निराळा पडदा उभा करते. शिवाय हा पडदा दुतर्फा असतो. मूल त्यात पाहते आणि अनोळखी माणूसही त्यातून मुलाशी बोलू शकतो. एवढ्या सर्व सामग्रीस आधी प्रमाणपत्र देणारी कचेरी उभारणे शक्य नाही.

पालकांच्या हातातील साधने

पालक-नियंत्रण या नावाने ओळखली जाणारी साधने मुख्यतः चार प्रकारची असतात. पहिले साधन वेळेची मर्यादा घालते आणि रात्री ठरलेल्या वेळी ॲप बंद करते. दुसरे, नवे ॲप घेण्यापूर्वी पालकांची संमती मागते. तिसरे चाळणीसारखे काम करते : मोबाइल जेव्हा एखाद्या संकेतस्थळाचे नाव देऊन त्याचा पत्ता विचारतो, तेव्हा ते नाव निषिद्ध यादीत असल्यास पत्ता देण्याचे नाकारले जाते. चौथे साधन मुलाने काय पाहिले, याचा अहवाल पालकांना देते.

या साधनांच्या मर्यादाही जाणून घेतल्या पाहिजेत. चाळणीस संकेतस्थळाचे नाव कळते, पण आतील पान कळत नाही, कारण मोबाइल आणि संकेतस्थळ यांमधील मजकूर आज बहुधा कूटबद्ध रूपाने प्रवास करतो. म्हणून एकाच संकेतस्थळावरील भूमितीचा पाठ आणि हिंसक चित्रफीत यांत तिला भेद करता येत नाही. मित्राच्या मोबाइलवर तर तिचा काहीच अंमल नसतो.

याहून मोठी अडचण घराच्या परिस्थितीत आहे. ही साधने प्रत्येक मुलाचा मोबाइल स्वतंत्र आहे, असे गृहीत धरून तयार केलेली असतात. परंतु पुष्कळ भारतीय कुटुंबांत एकच मोबाइल सर्वजण वापरतात. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा अनेक घरांत वडिलांचाच मोबाइल मुलाची शाळा झाला. अशा मोबाइलवरील खाते चाळीस वर्षांच्या पुरुषाचे असते. पलीकडील यंत्रणा त्या वयाचा माणूस पाहतो आहे असे समजून चालते आणि प्रत्यक्षात पाहणारे मूल नऊ वर्षांचे असते. ज्या आईला स्वतःला मोबाइल मुलाकडूनच शिकावा लागतो, तिच्यावर सगळी जबाबदारी टाकणे न्याय्य होणार नाही.

कायद्याचे सामर्थ्य आणि त्याच्या मर्यादा

कंपनीस भाग पाडण्याचे सामर्थ्य पालकांत नसते; ते कायद्यात असते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमानुसार अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येणारी संमती घ्यावी लागेल, तसेच मुलांचा माग काढणे व त्यांना उद्देशून जाहिराती दाखविणे यांस मनाई राहील. मुलांसंबंधीच्या या कर्तव्यांचा भंग झाल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ही कर्तव्ये पाळण्यास अठरा महिन्यांची मुदत मिळाली.

ऑस्ट्रेलियाने याहून कडक मार्ग धरला. १० डिसेंबर २०२५ पासून तेथे सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही. कायदा मोडल्यास दंड कंपनीस होतो. मुलास किंवा पालकांस होत नाही.

परंतु कायद्याचीही पळवाट निघते. दक्षिण कोरियाने २०११ साली सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन खेळ खेळण्यास बंदी केली. मुले आईवडिलांचे ओळखक्रमांक वापरून खेळू लागली आणि दहा वर्षांनी तो कायदा रद्द करण्यात आला. शिवाय, मुलास ओळखण्यासाठी प्रत्येकाचेच वय तपासावे लागते. त्याकरिता सर्वांची ओळखपत्रे कंपन्यांच्या स्वाधीन करणे हा नवा धोका ठरतो. विश्वासू संस्थेने ‘ही व्यक्ती अठरा वर्षांवरील आहे’ एवढेच सांगणारी खूण द्यावी, नाव वा जन्मतारीख देऊ नये, असा तोडगा तंत्रज्ञ सुचवितात.

कामांची वाटणी

डिसेंबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठापुढे हाच वाद आला होता. इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांनी पालकांना नियंत्रणाची सोय द्यावी, अशी त्या अर्जातील मागणी होती. ऑस्ट्रेलियासारख्या कायद्याचा केंद्र सरकारने विचार करावा, असे न्यायालयाने सुचविले आणि तसा कायदा होईपर्यंत पालक व मुले यांच्यात जागृती करण्याचे काम अधिक नेटाने करावे, असेही सांगितले. यात पालक आणि कायदा हे परस्परांचे पर्याय मानलेले नाहीत, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

जुन्या पडद्याचे तत्त्व येथेही लागू करता येते. दरवाजा आता कंपनीच्या ताब्यात आहे. म्हणून मुलाचे खाते प्रथमपासूनच बंदिस्त असावे, अनोळखी माणसास त्याच्याशी बोलता येऊ नये आणि कुलूप शोधून लावण्याऐवजी ते आधीच लावलेले असावे, हे कायद्याने कंपनीकडून करवून घ्यावे. कोणते कुलूप केव्हा उघडावे, हे मात्र पालकांनी ठरवावे.

एक काम तर कोणताही कायदा किंवा ॲप करू शकत नाही. एखाद्या अनोळखी माणसाने मुलाकडून छायाचित्र मिळविले आणि धमकी दिली, तर ते मूल घरी सांगेल की नाही, यावर पुढचे सर्व काही अवलंबून असते. ‘सांगितले तर मोबाइल काढून घेतील’ अशी भीती असेल तर ते गप्प राहते आणि धमकी देणाऱ्यास नेमके तेच हवे असते. म्हणून नियम घालतानाच मुलास आश्वासन दिले पाहिजे की चूक सांगितल्याबद्दल शिक्षा होणार नाही. अशा प्रसंगी १०९८ ही बालकांसाठीची व १९३० ही सायबर गुन्ह्यांसाठीची दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे.

नियम सर्वांना सारखे असले, तर मुले ते अधिक सहज पाळतात. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली ठरविले की रोज सायंकाळी सातला भोंगा वाजताच दीड तास दूरचित्रवाणी आणि मोबाइल बंद ठेवावयाचे. त्या वेळात मुलांनी अभ्यास करावयाचा. पण पडदा थोरांनीही बाजूस ठेवावयाचा होता. त्यासाठी ना नवे ॲप लागले, ना विधिमंडळाचा कायदा. नुंगंबाक्कममधील एका खोलीच्या घरातही हे शक्य आहे. कायद्याने दरवाजा बसवावा, कंपनीने तो राखावा आणि घरातील माणसांनी मुलाबरोबर त्या दरवाजातून आत जावे, म्हणजे त्याला जे दिसेल ते एकट्याने पाहावे लागणार नाही.