सहल आधी वहीत करावी



माघ संपत आला. तूर घरात आली, हरभरा निघाला. गहू अजून शेतात उभा आहे. थंडी सरली, पण ऊन अजून तापलेले नाही. अशा वेळी घरोघरी बोलणे निघते, "यंदा सगळे मिळून कुठं तरी जाऊन येऊ." बोलणे सोपे. पण घरात म्हातारी आई असते, लहान लेकरे असतात. तीन गावे पाहायची म्हणजे दर वेळी नवी गाडी आणि नवा मुक्काम. म्हणून आम्ही सांगतो, सहल आधी वहीत करावी, मग गाडीत बसावे.

नागपूरच्या स्टेशनावर मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन मोठे मार्ग एकमेकांना भेटतात. चारी दिशांना गाड्या आहेत. म्हणून आधी एक दिशा धरावी. आपण मुंबईकडची दिशा धरू. तिकडे सेवाग्राम, शेगाव आणि अजिंठा अशी तीन ठिकाणे एकाच वाटेने होतात.

पहिले काम : दिवस ठरवणे

माघ वद्य सप्तमीला शेगावी गजानन महाराजांचा प्रकटदिन असतो. तेव्हा फार गर्दी होते. फाल्गुन पौर्णिमेला होळी येते. तेव्हा गाड्या भरून जातात. लहान मुले व म्हातारी माणसे बरोबर असतील, तर या दोन सणांच्या मधले दिवस बरे. घरात दहावी-बारावीचे मूल असेल, तर त्याची परीक्षा आधी होऊ द्यावी.

वारही पाहावा. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात. इतक्या लांब जाऊन बंद दार पाहून परतणे बरे नव्हे.

दुसरे काम : गावाचे नाव नीट वाचणे

वर्ध्याजवळच्या एका खेड्यात महात्मा गांधी १९३६ साली राहायला आले. त्या खेड्याचे नावही शेगावच होते. गांधीजींची पत्रे चुकून बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावला जात. म्हणून १९४० साली त्या खेड्याचे नाव सेवाग्राम ठेवले. एवढ्या मोठ्या माणसाची पत्रे नावामुळे चुकली, तर आपले काय?

नागपूर शहरातही नागपूर, अजनी, इतवारी अशी निरनिराळी स्टेशने आहेत. सेवाग्राम आणि वर्धा ही स्टेशनेही जवळजवळ आहेत, पण दोन आहेत. आपली गाडी कोणत्या स्टेशनावर थांबते ते तिकीट काढतानाच पाहावे.

तिसरे काम : वेळ आणि तारीख वाचणे

रेल्वेचे घड्याळ चोवीस तासांचे असते. दुपारी एकला तिथे १३ म्हणतात. १३ किंवा त्याहून मोठा आकडा दिसला की त्यातून १२ वजा करावे. १५:४० म्हणजे दुपारचे ३:४०. २१:१० म्हणजे रात्रीचे ९:१०.

आता आमचीच फजिती सांगतो. आम्ही तेव्हा शाळेत नोकरीला होतो. आई, मंडळी आणि मुले घेऊन अजिंठ्याला गेलो होतो. परतीचे तिकीट जळगावहून होते. तारीख १५, वेळ ००:२०. आम्ही १५ तारखेला दिवसभर लेणी पाहिली, रात्री जेवलो आणि स्टेशनावर जाऊन बसलो. बारा वाजून वीस मिनिटांनी गाडी आली. आमच्या जागेवर दुसरेच लोक झोपलेले! तिकीट तपासनीस म्हणाले, "मास्तर, तुमची गाडी कालच गेली."

रात्री बाराला तारीख बदलते. १५ तारखेचे ००:२० म्हणजे १४ तारखेच्या रात्री जेवून धरायची गाडी. आम्ही वेळ वाचली, तारीख वाचली, पण दोन्ही एकत्र वाचली नाहीत. ती रात्र फलाटावर काढली. आई वळकटीवर बसून होती. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "बाबू, तू त पोरायले वाचाले शिकवतं ना रे?" सकाळी जनरल डब्यात उभ्याने नागपूर गाठले. आईचे ते वाक्य आम्ही अजून विसरलो नाही.

चौथे काम : तिकीट काढणे

गाडीच्या दिवसाआधी ६० दिवसांपासून आरक्षण मिळते. पूर्वी ते १२० दिवस आधी मिळे. नोव्हेंबर २०२४ पासून हा नियम बदलला. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण त्याला वेगळी जागाही मिळत नाही. पाच ते बारा वर्षांच्या आतल्या मुलाला वेगळी बर्थ हवी असेल, तर पूर्ण तिकीट पडते. अर्जात म्हाताऱ्या माणसांचे वय बरोबर लिहावे. खालची बर्थ देताना ते वय पाहतात. प्रतीक्षा यादीतले तिकीट घेऊन आरक्षित डब्यात चढू नये. काही अडले तर १३९ या क्रमांकावर विचारावे.

जळगावहून अजिंठा सुमारे ६० किलोमीटर आहे. तिथे एसटीने जाता येते. एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे. आपली बस किंवा मोटार लेण्यांपर्यंत जात नाही. फर्दापूरजवळ उतरून तिथल्या बसने पुढे जावे लागते. वर पायऱ्या आहेत. म्हाताऱ्या माणसाला सकाळीच, सावकाश न्यावे.

वहीचे पान

गुरुवार : सकाळी नागपूरहून सेवाग्राम. बापूंची कुटी पाहणे. दुपारी पवनारला विनोबांचा आश्रम. मुक्काम वर्धा.
शुक्रवार : वर्ध्याहून शेगाव. मुक्काम शेगाव.
शनिवार : सकाळी दर्शन. दुपारी शेगावहून जळगाव. मुक्काम जळगाव.
रविवार : अजिंठा. संध्याकाळी परत जळगाव. रात्रीची गाडी.
सोमवार : सकाळी नागपूर.

रविवारची गाडी रात्री बारानंतर असेल, तर तिकीट सोमवारच्या तारखेचे काढावे.

हे पान घरात सगळ्यांना वाचून दाखवावे. एकाची चूक दुसऱ्याच्या ध्यानात येते. तिकीट हातात आले की गावाचे नाव, तारीख आणि वेळ यांवर बोट ठेवून मोठ्याने वाचावे. आता तुम्हांला अक्षर येते. दुसऱ्याला विचारायची लाज नको, पण स्वतः वाचायचा आळसही नको.

सराव

१. तिकिटावर १९:४५ लिहिले आहे. गाडी किती वाजता सुटेल?
२. तारीख ८ मार्च, वेळ ००:४०. तुम्ही कोणत्या तारखेच्या रात्री स्टेशनावर जाल?
३. अजिंठ्याला कोणत्या वारी जाऊ नये?
४. तुमच्या घरच्या सहलीचे एक पान वहीत लिहा. ते घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला वाचून दाखवा.