घोडीसाठी नर कसा निवडावा?

घोडी गाभण राहिल्यापासून शिंगरू जन्मास येईपर्यंत सुमारे ११ महिने लागतात. त्या शिंगराच्या पाठीवर प्रथम खोगीर चढावयास आणखी तीन वर्षे जातात, आणि ड्रेसाजच्या सर्वोच्च श्रेणीस ते पोहोचलेच, तर त्यापुढे साधारणतः सहा-सात वर्षांनी पोहोचते. म्हणजे आज केलेल्या निवडीचा पुरता निकाल हाती यावयास दहा वर्षांहून अधिक काळ लोटतो. ज्याच्या तबेल्यात एकच घोडी आहे, अशा मनुष्यास ही निवड आयुष्यात फार थोड्या वेळा करावयास मिळते. म्हणून ती कोणत्या तत्त्वांवर करावी, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

ड्रेसाज म्हणजे घोड्याच्या शिक्षणाची परीक्षा होय. स्वाराच्या बैठकीतील, पायांतील व हातांतील अगदी सूक्ष्म सूचनांवर घोड्याने नेमलेल्या हालचाली करावयाच्या असतात, आणि परीक्षक प्रत्येक हालचालीस ० ते १० पर्यंत गुण देतात. सन २०२३ मध्ये चीनमधील हांगचौ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत भारतीय संघाने ड्रेसाजचे सांघिक सुवर्णपदक मिळविले, तेव्हा हा शब्द आपल्याकडेही अनेकांच्या कानी पडला. त्या संघाचे घोडे युरोपीय पैदाशीचे होते. असे घोडे जेथे निपजतात, त्या प्रदेशांपैकी उत्तर जर्मनीतील हानोव्हर हा एक प्रमुख होय; म्हणून प्रस्तुत पाठातील विवेचन मुख्यतः त्याच्या अनुरोधाने केले आहे.

वॉर्मब्लड म्हणजे काय?

वॉर्मब्लड या नावाचा रक्ताच्या उष्णतेशी काही संबंध नाही. अरबी आणि इंग्रजी थरोब्रेड हे चपळ व तापट घोडे एका टोकास, ओझे ओढणारे धिप्पाड व थंड स्वभावाचे घोडे दुसऱ्या टोकास, आणि या दोहोंच्या मधले ते वॉर्मब्लड, असा हा स्वभावावरून पडलेला भेद आहे. हानोव्हरच्या इलेक्टरपदी आणि इंग्लंडच्या गादीवर एकाच वेळी असलेल्या दुसऱ्या जॉर्जने सन १७३५ मध्ये त्सेले येथे सरकारी अश्वशाळा स्थापिली. तेथील नर दरवर्षी गावोगावच्या ठाण्यांवर पाठविले जात, आणि शेतकरी आपल्या घोड्या तेथे आणून फळवीत. शेतीस आणि लष्करास उपयोगी पडतील असे घोडे निपजविणे, हा तेव्हाचा उद्देश होता. दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॅक्टर आले आणि नांगराच्या घोड्याची गरज सरली. तेव्हा थरोब्रेड व ट्राकेनर वंशांचे रक्त मिसळून त्याच घराण्यांतून स्वारीचा हलका, लवचीक घोडा घडविण्यात आला. पैदास करणाऱ्याचे उद्दिष्ट बदलले की घोडाही बदलतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

आरंभ घोडीपासून

नवशिक्या मनुष्याची पहिली चूक अशी होते की, तो नरांची छायाचित्रे आधी पाहतो आणि आपल्या घोडीकडे मागाहून वळतो. वस्तुतः शिंगरास निम्मी जनुके आईकडून मिळतात. शिवाय गर्भातील पोषण आणि पहिल्या काही महिन्यांचे संगोपन हेही तिचेच. सन २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सांघिक सुवर्ण व वैयक्तिक रौप्य पदक मिळविणारी वायहेगोल्ड, आणि टोकियो व पॅरिस या दोन्ही ऑलिंपिकांत वैयक्तिक सुवर्णपदक मिळविणारी डालेरा, या दोघी घोड्याच होत्या, हे येथे ध्यानात ठेवावे.

आपल्या घोडीचे परीक्षण करताना मायेला थोडा वेळ बाजूस ठेवावे लागते. प्रथम तिच्या तीन चाली पाहाव्या. पाऊलचालीत चार ठोके स्वच्छ व समान अंतराने पडतात काय? दुडकीत मागचा पाय शरीराखाली येऊन भार उचलतो काय, की मागेच रेंगाळतो? मंद दौडीत तीन ठोक्यांनंतर चारही पाय क्षणभर अधांतरी असतात, तो क्षण स्पष्ट दिसतो काय? त्यानंतर शरीराची ठेवण, पाय, खूर आणि सांधे पाहावेत. शेवटी स्वभाव पाहावा. आणि तो परक्या स्वाराखाली कसा राहतो हे विशेषेकरून पाहावे. हानोव्हरमध्ये घोड्यांच्या गुणपरीक्षेत परका स्वार घोडीवर बसवितात, ते याच कारणासाठी.

या परीक्षणावरून दोन याद्या कराव्या : राखावयाचे गुण आणि सुधारावयाचे दोष. दुसऱ्या यादीत दोनांहून अधिक दोष धरू नयेत. एकाच वेळी सहा गोष्टी सुधारू पाहणाऱ्याच्या हाती प्रत्येक गोष्टीतली थोडीथोडी सुधारणा येते, आणि ती इतकी थोडी की दिसतही नाही. दोष मात्र सहाहून अधिक आणि मोठे असतील, तर ती घोडी पैदाशीस लावावी किंवा नाही, याचाच विचार आधी करावा.

नराची कीर्ती आणि नराची संतती

सन २०१२ व २०१६ च्या ऑलिंपिकांत वैयक्तिक सुवर्णपदक मिळविणारा ब्रिटनचा वॅलेग्रो हा खच्ची केलेला घोडा होता. त्याने डिसेंबर २०१४ मध्ये संगीतमय ड्रेसाजमध्ये ९४.३ टक्के गुण मिळवून विक्रम केला. पण त्याची संतती निपजणे शक्यच नव्हते. त्याचे गुण ज्याला हवे होते, त्याला त्याचा बाप नेग्रो, आई आणि भावंडे यांच्याकडेच पाहावे लागले. स्पर्धेतील यश आणि पैदाशीची योग्यता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे यावरून लक्षात येईल. यशात जनुकांचा वाटा असतो. पण स्वाराचे कौशल्य, शिक्षण, खूर जडविणारा, पशुवैद्य आणि दैव यांचाही असतो. शिंगराकडे जातात ती केवळ जनुके. आणि तीही निम्मी.

याउलट डोनरहाल या ओल्डेनबुर्ग वंशाच्या घोड्याचे उदाहरण पाहा. सन १९८१ मध्ये जन्मलेला हा घोडा १९९४ व १९९८ च्या जागतिक स्पर्धांत सुवर्णपदक जिंकणाऱ्या जर्मन संघात होता. परंतु त्याची खरी थोरवी पुढील पिढ्यांत दिसली. त्याचा मुलगा डे निरो ड्रेसाजच्या घोड्यांच्या पित्यांच्या जागतिक क्रमवारीत अनेक वर्षे अग्रस्थानी होता. डे निरोचा मुलगा डेस्पेराडोस रिओ येथे सुवर्णपदक मिळविणाऱ्या जर्मन संघात होता. आणि वर उल्लेखिलेली वायहेगोल्ड ही डोनरहालच्याच डॉन शुफ्रो या मुलाची कन्या. जेव्हा निरनिराळ्या घोड्यांच्या पोटी, निरनिराळ्या स्वारांच्या हाताखाली तोच गुण पुनःपुन्हा प्रकट होतो, तेव्हा तो गुण नराने दिला असे म्हणावयास आधार मिळतो. पैदासशास्त्रात यालाच संततिपरीक्षा म्हणतात.

म्हणून नर पाहावयास जाणाऱ्याने त्याची मुले-मुली पाहिल्याखेरीज परत येऊ नये. दोन-तीन निवडक शिंगरे पाहणे पुरेसे नव्हे. कारण दाखविणारा उत्तमच तेवढी दाखवील. सामान्य घोड्यांच्या पोटी त्याची संतती कशी निघाली, तीत कोणता दोष वारंवार दिसतो, तिच्यावर स्वार होणारे काय म्हणतात, हे विचारावे.

आणखी एक सावधगिरी बाळगावी. लिलावात तरुण घोड्याची पुढचे पाय उंच फेकणारी दुडकी पाहून प्रेक्षक टाळ्या वाजवितात. परंतु सर्वोच्च श्रेणीत घोड्याला जागच्या जागी तालबद्ध दुडकी आणि अत्यंत संथ, उसळती दुडकी करावयाची असते. ही कामे मागील पाय वाकवून त्यांवर भार पेलणाऱ्या घोड्यालाच साधतात. म्हणून दृष्टी पुढच्या पायांवरून काढून मागच्या पायांवर आणि पुठ्ठ्यावर ठेवावी.

आकड्यांचा अर्थ

जर्मनीत नरांची पैदास-मूल्ये प्रसिद्ध होतात. त्यांत १०० हा सरासरीचा आकडा धरलेला असून प्रमाण-विचलन २० गुणांचे असते. म्हणजे १४० हा आकडा सरासरीहून दोन विचलने वर, अर्थात फारच थोड्या घोड्यांना लाभणारा होय. शिंगराविषयीची अपेक्षा आईबापांच्या मूल्यांच्या सरासरीने काढतात. नर १४० चा व घोडी १०० ची असेल, तर अपेक्षा १२० ची. तथापि ही केवळ अपेक्षा आहे. एकाच जोडप्याची सख्खी भावंडेही एकमेकांपासून पुष्कळ भिन्न निघतात; कारण प्रत्येकास मिळणारी निम्मी जनुके निराळी असतात.

आकड्याबरोबर त्याची विश्वसनीयताही टक्क्यांत दिलेली असते. ती वाचल्यावाचून आकडा वाचू नये. तरुण नराचे मूल्य मुख्यतः त्याच्या पूर्वजांवरून व स्वतःच्या परीक्षेवरून ठरविलेले असते. त्याची संतती परीक्षेस उतरू लागली की ते पुष्कळ वर किंवा खाली जाऊ शकते.

एक उदाहरण

समजा, हानोव्हर प्रांतातील एका शेतकऱ्याजवळ आठ वर्षांची घोडी आहे. स्वभाव शांत, पाऊलचाल लांब व स्वच्छ. पण पाठ लांब, आणि दुडकीत मागचे पाय रेंगाळणारे. तिच्यासाठी तीन नर विचारात आहेत. पहिला तीन वर्षांचा, लिलावात गाजलेला. संतती अद्याप नाही. दुसरा सर्वोच्च श्रेणीतील विजेता, मागील पाय अत्यंत बळकट; परंतु त्याची संतती तापट आणि हाताळावयास कठीण. तिसरा पंधरा वर्षांचा, स्वतः मध्यम श्रेणीपर्यंतच गेलेला. पण त्याच्या पुष्कळ मुला-मुलींत मागील पायांचे काम चांगले व स्वभाव सुजाण दिसतो. त्याची पाऊलचाल सामान्य, आणि डोके जरा ओबडधोबड.

या शेतकऱ्याने तिसरा नर निवडणे शहाणपणाचे ठरेल. घोडीला जे हवे ते तो देतो, आणि त्याच्यात जे उणे ते घोडीजवळ आहे. पाऊलचाल काहीशी कमी होण्याचा धोका त्याने पत्करावा. डोक्याच्या ठेवणीला गुण नसतात. शांत घोडी आणि तापट नर यांची बेरीज होऊन मध्यम स्वभाव निघेल, असा भरवसा धरता येत नाही. लांब पाठीच्या घोडीस अतिशय आखूड पाठीचा नर द्यावा, ही समजूतही अशीच फसवी आहे. दोषावर उपाय म्हणजे उलटा दोष नव्हे. दोषावर उपाय म्हणजे निर्दोष ठेवण.

तथापि हेच उत्तर सर्वांसाठी नाही. कुशल स्वार पदरी बाळगणाऱ्या अश्वशाळेस दुसरा नर योग्य ठरू शकेल. शेतकऱ्याचे शिंगरू मात्र बहुधा हौशी स्वाराकडे जाईल. आणि जो घोडा स्वारास पेलवत नाही, तो कितीही गुणी असला तरी हातोहात फिरत राहतो. शिंगरू कोणासाठी निपजवावयाचे, याचे उत्तर नर निवडण्यापूर्वीच द्यावयास हवे.

टाळावयाच्या जोड्या

वॉर्मब्लड घोड्यांत नाजूक त्वचेचा एक घातक आनुवंशिक रोग आढळतो. त्याला फ्रॅजाइल फोल सिंड्रोम असे नाव आहे. संयोजी ऊतकास बळकटी देणाऱ्या एका जनुकातील बिघाडामुळे तो होतो. अशा गर्भाचा पुष्कळदा पात होतो; शिंगरू जन्मलेच, तर त्याची कातडी सहज फाटते, सांधे अतोनात सैल असतात, आणि ते जगू शकत नाही. बिघडलेले जनुक एकाच बाजूने आले, तर घोडा वाहक होतो. तो दिसावयास पूर्ण निरोगी असतो. वाहकांचे प्रमाण साधारणतः दहांत एक धरले जाते. दोन वाहकांच्या संयोगातून सरासरीने चारांपैकी एक गर्भ रोगी, दोन वाहक आणि एक मुक्त असतो. वाहक आणि मुक्त यांच्या संयोगातून एकही रोगी निपजत नाही. केसांच्या मुळांवरून याची तपासणी करता येते. घोडी वाहक असेल, तर मुक्त नरच निवडावा, एवढ्याने हे संकट पूर्णपणे टळते. अकरा महिने वाट पाहून मालकाने आपल्या डोळ्यांदेखत शिंगरू मरताना पाहावे, आणि ते केवळ एक तपासणी न केल्यामुळे, याहून टाळता येण्याजोगे दुःख या व्यवसायात दुसरे नाही.

दुसरी गोष्ट जवळच्या नात्याची. लोकप्रिय नर अनेक वंशावळींत दोन्ही बाजूंनी येतात. एकच घोडा शिंगराच्या आईचा व बापाचा पिता असेल, तर अंतःप्रजननाचा गुणक १२.५ टक्के होतो. तो दोघांचा आजोबा असेल, तर सुमारे ३.१ टक्के. पहिली जोडी टाळावीच. दुसरी विचारपूर्वक करावी. याखेरीज नराच्या सांध्यांची क्ष-किरण चित्रे मागून पाहावीत. कारण सांध्यांतील कूर्चेच्या काही विकारांत आनुवंशिकतेचा भाग असतो.

घोडीची तयारी

कृत्रिम रेतनामुळे दूरदेशीचा नरही आता उपलब्ध होतो. ताजे, थंड केलेले रेत एक-दोन दिवस उपयोगी पडते. गोठविलेले रेत वर्षानुवर्षे टिकते. परंतु गोठविलेल्या रेताचे शुक्रजंतू घोडीच्या शरीरात अल्पकाळच जगतात. म्हणून बीजविमोचनाची वेळ पशुवैद्याने वारंवार तपासून साधावी लागते. घोडी वयस्क असेल, किंवा पूर्वी फळली नसेल, तर ताजे रेत मिळेल असा नर पसंत करावा. गर्भाशयाची तपासणी आधीच करून घ्यावी. रेतनानंतर सुमारे दोन आठवड्यांनी जुळ्या गर्भांसाठी तपासणी अवश्य करावी, कारण घोडीला जुळे क्वचितच झेपते.

सारांश, नराची निवड हा सौंदर्यस्पर्धेचा निकाल नव्हे. घोडीला ओळखावे, एक-दोन दोष ठरवावेत, संततीवरून नर पारखावा, आकड्यांबरोबर त्यांची विश्वसनीयता वाचावी, घातक जोडी टाळावी आणि शिंगराचा भावी स्वार डोळ्यांपुढे ठेवावा. इतके करूनही निसर्ग आपल्या मर्जीने फासे टाकील. पण जन्मास येणारे शिंगरू निरोगी असण्याची आणि कोणाच्या तरी उपयोगी पडून मानाने जगण्याची शक्यता आपण वाढविलेली असेल. पैदास करणाऱ्याच्या हाती एवढेच असते, आणि ते काही थोडे नाही.