तोफा थंडावण्यापूर्वीचा न्याय : युक्रेन युद्धाच्या निमित्ताने एक अभ्यासपाठ

इतिहासाच्या क्रमिक पुस्तकात युद्धाचे प्रकरण बहुधा तहाने संपते. तहानंतरच्या एखाद्या परिच्छेदात न्यूरेंबर्ग व टोकियो येथील खटल्यांचा उल्लेख येतो आणि विद्यार्थ्यांच्या मनात एक क्रम ठसून जातो : आधी युद्ध, मग जय-पराजय आणि सर्वांत शेवटी न्याय. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाच्या सैन्याने उत्तर, पूर्व व दक्षिण अशा तिन्ही दिशांनी युक्रेनवर चढाई केली, तेव्हापासून हा क्रम आपल्या डोळ्यांदेखत मोडला आहे. युद्ध चालू असतानाच साक्षी नोंदविल्या गेल्या, खटले उभे राहिले, शिक्षा सुनावल्या गेल्या आणि एका विद्यमान राष्ट्राध्यक्षाविरुद्ध अटक वॉरंटही निघाले. हे योग्य झाले काय, यावर जगभर वाद झाला. वरच्या वर्गातील मुलामुलींसमोर हा विषय चर्चेला ठेवताना कोणत्या पायऱ्यांनी विचार करावा, हे सांगण्याचा आमचा येथे प्रयत्न आहे.

दोन प्रश्न, दोन उत्तरे

पहिली पायरी म्हणजे दोन प्रश्न एकमेकांपासून वेगळे करणे. युद्ध सुरू कोणी केले व तसे करण्याचा त्याला अधिकार होता काय, हा एक प्रश्न. युद्धात उतरल्यावर कोण कसे वागले, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत शोधावे लागते. स्वसंरक्षण किंवा सुरक्षा परिषदेची संमती याखेरीज दुसऱ्या राष्ट्रावर बळाचा वापर ही सनद मान्य करीत नाही. दुसऱ्याचे उत्तर प्रामुख्याने १२ ऑगस्ट १९४९ च्या चार जिनिव्हा करारांत आहे. जखमी सैनिक, युद्धकैदी व नागरिक यांना कसे वागवावे, हे त्या करारांनी ठरवून दिले आहे.

डॉनबासमधील लोकांचा वंशसंहार रोखण्यासाठी आपण शस्त्र उचलले, असे रशियाचे म्हणणे होते. हा दावा युक्रेनने हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे नेला. १६ मार्च २०२२ रोजी न्यायालयाने १३ विरुद्ध २ मतांनी रशियाला लष्करी कारवाई थांबविण्याचा अंतरिम आदेश दिला आणि वंशसंहाराच्या आरोपाला पुष्टी देणारा पुरावा आपल्यासमोर नसल्याचे नमूद केले. बहुमतात भारताचे न्यायमूर्ती दलवीर भंडारी होते. हेच पूर्वी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. त्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत चढाईच्या निषेधाचा ठराव १४१ विरुद्ध ५ मतांनी संमत झाला. ३५ राष्ट्रे तटस्थ राहिली, त्यांत भारत होता. शासनाचे मत व न्यायाधीशाचे मत यांत अंतर पडू शकते आणि पडले तरी कोणी देशद्रोही ठरत नाही, हा नागरिकशास्त्राचा धडा विद्यार्थ्यांनी येथेच टिपून घ्यावा.

मात्र एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. पहिल्या प्रश्नात ज्याची बाजू न्याय्य, त्याला दुसऱ्या प्रश्नात सूट मिळत नाही. आपल्या भूमीच्या रक्षणासाठी लढणाऱ्या सैनिकालाही शरण आलेल्या शत्रूला मारण्याचा अधिकार नाही.

पुरावा कसा तपासावा

दुसरी पायरी पुराव्याची. कीवजवळील बुचा हे शहर मार्च २०२२ अखेरपर्यंत रशियन सैन्याच्या ताब्यात होते. ते सैन्य माघारी गेल्यावर याब्लुन्स्का या रस्त्यावर नागरिकांची प्रेते पडलेली आढळली. काहींचे हात मागे बांधलेले होते. हा सारा बनाव असून आपले सैन्य असताना तेथे कोणालाही इजा झाली नाही, असे रशियाने जाहीर केले.

आता चिकित्सक विद्यार्थ्याने काय करावे? दोन्ही पक्ष शत्रू आहेत, दोघेही खोटे बोलत असतील, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. परंतु इतिहासाचा अभ्यासक तेथे थांबत नाही. तो विचारतो : उभय पक्षांच्या शब्दांखेरीज आणखी काही साधन आहे काय? ते होते. मार्चच्या मध्यास, म्हणजे शहर रशियाच्या ताब्यात असतानाच, उपग्रहाने घेतलेल्या छायाचित्रांत त्याच रस्त्यावर त्याच जागी प्रेतांच्या आकृती दिसत होत्या. बनावाचा दावा या एका तारखेपाशी अडतो. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने साक्षीदारांना भेटून डिसेंबर २०२२ मध्ये अहवाल दिला. कीव, चेर्निहिव व सुमी या तीन प्रदेशांत चढाईच्या पहिल्या काही आठवड्यांत ४४१ नागरिकांना मृत्यू आल्याची त्यात नोंद आहे : ३४१ पुरुष, ७२ स्त्रिया, २० मुलगे व ८ मुली. अफवेचा आकडा गोल असतो. पडताळलेल्या आकड्याला अशी एककाची बोच असते.

उत्तरदायी कोण?

तिसरी पायरी माणसाची. गुन्हा राष्ट्र करीत नाही, माणसे करतात, हे न्यूरेंबर्गच्या न्यायालयाने १९४६ मध्ये ठामपणे सांगितले. म्हणून बंदूक चालविणारा, आदेश देणारा आणि रोखण्याचा अधिकार असून न रोखणारा असे तीन स्तर तपासावे लागतात.

पहिल्या स्तराचे उदाहरण कीवमधील पहिला युद्धगुन्ह्याचा खटला होय. २८ फेब्रुवारी २०२२ रोजी सुमी प्रदेशातील एका गावात सायकल घेऊन निघालेल्या ६२ वर्षांच्या निःशस्त्र नागरिकाला एका २१ वर्षांच्या रशियन सार्जंटने गोळी घातली. त्याने गुन्हा कबूल केला. दुसऱ्याने दडपण आणल्यामुळे गोळी झाडली, असे त्याचे सांगणे होते. न्यायालयाने २३ मे रोजी त्याला जन्मठेप दिली आणि अपिलात ती १५ वर्षांवर आली. उघड बेकायदा आदेश पाळणे हा बचाव होत नाही, तथापि शिक्षेचे माप ठरविताना परिस्थिती पाहावी लागते. या दोन्ही गोष्टी या एका खटल्यात दिसतात. शत्रूच्या सैनिकाला शत्रूच्याच राजधानीत वकील मिळाला व अपिलाचा हक्क मिळाला, हीदेखील लहान बाब नव्हे.

सर्वोच्च स्तराचे उदाहरण आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचे. १७ मार्च २०२३ रोजी या न्यायालयाने राष्ट्राध्यक्ष व्लादिमिर पुतिन आणि बालहक्क आयुक्त मारिया ल्वोवा-बेलोवा यांच्याविरुद्ध वॉरंट काढले. आरोप होता व्याप्त प्रदेशातील मुलांना बेकायदा रशियात नेल्याचा. युद्धक्षेत्रातून मुलांना सुरक्षित ठिकाणी हलविले, असे रशियाचे उत्तर आहे. येथेही कसोटी साधी आहे. संकटातून वाचविलेले मूल आपल्या माणसांकडे परत पाठविण्याची खटपट केली जाते. पुतिन यांनी मे २०२२ मध्ये अशा अनाथ मुलांना रशियन नागरिकत्व देणे सुलभ करणारा हुकूम काढला होता. तात्पुरता आसरा देणाऱ्याला मुलाचे नागरिकत्व बदलण्याचे कारण काय, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

तीन आक्षेप

वर्गात हा विषय ठेवला की तीन आक्षेप हमखास पुढे येतात. ते टाळू नयेत. त्यांत तथ्यांश आहे.

पहिला आक्षेप असा की, हा जेत्यांचा न्याय आहे. टोकियो खटल्यातील भारतीय न्यायाधीश राधाविनोद पाल यांनी १९४८ मध्ये आपल्या भिन्नमतपत्रिकेत सर्व आरोपींना निर्दोष ठरविले, याचा दाखला दिला जातो. पण पाल यांनी नानकिंगचे अत्याचार नाकारले नव्हते. त्यांचा पुरावा प्रचंड असल्याचे त्यांनी मान्य केले होते. त्यांचा रोख कायदा मागाहून लागू करण्यावर आणि जेत्यांनी टाकलेल्या अणुबॉम्बची चौकशी न होण्यावर होता. आज रोमचा करार २००२ पासून अमलात आहे, म्हणजे कायदा आधी आहे व कृत्य नंतरचे. आणि युद्ध चालू असताना तर जेता ठरलेलाच नसतो.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे : बलाढ्यांना कोण विचारतो? २० मार्च २००३ रोजी अमेरिका व तिच्या मित्रांनी सुरक्षा परिषदेच्या संमतीविना इराकवर चढाई केली. नोव्हेंबर २००५ मध्ये हदिथा येथे अमेरिकी सैनिकांनी २४ नागरिकांना ठार मारले. त्यापायी एकालाही तुरुंगवास झाला नाही. ही विषमता खरी आहे, ती झाकू नये. परंतु तिच्यापासून निष्कर्ष कोणता काढावा? हदिथाचा गुन्हेगार सुटला म्हणून बुचाचाही सुटावा, असे म्हटल्याने हदिथाच्या मृतांना काय मिळते? अपुऱ्या न्यायावरचा उपाय म्हणजे अधिक न्याय. कायदा असमानपणे वापरला जातो म्हणून कायदाच नको, हे म्हणणे ज्यांना कायद्याविना कोणताच आधार नाही, त्यांना परवडत नाही. आपल्या वस्त्यांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

तिसरा आक्षेप शांततेच्या नावाने येतो : वॉरंट काढले तर समझोता कसा होणार? याचे उत्तर बोस्नियाने दिले आहे. तेथील युद्ध चालू असतानाच १९९३ मध्ये खास न्यायाधिकरण स्थापन झाले. जुलै १९९५ मध्ये राडोव्हान कराजिच व राटको म्लादिच यांच्यावर आरोप ठेवले गेले आणि त्याच वर्षअखेर शांतता करारही झाला. स्रेब्रेनित्सातील सुमारे आठ हजार पुरुष व मुलांच्या हत्येस जबाबदार असलेला म्लादिच २०११ मध्ये पकडला गेला. त्याची जन्मठेप २०२१ मध्ये कायम झाली. विलंब झाला हे खरे, पण आरोपपत्र वेळीच लिहिले गेले होते म्हणून तो विलंब ठरला. एरवी ते विस्मरण ठरले असते.

आपल्या बाजूचे दोष

चौथी पायरी सर्वांत कठीण. आपली सहानुभूती ज्याच्याकडे आहे, त्याचे दोष पाहणे. संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांनी रशियाकडून युद्धकैद्यांचा झालेला छळ नोंदविला, तशी युक्रेनच्या ताब्यातील रशियन कैद्यांना झालेली मारहाणही नोंदविली. ऑगस्ट २०२२ मध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने युक्रेनच्या सैन्याने शाळा व वस्त्यांत तळ ठोकल्याची टीका केली, तेव्हा संस्थेच्या युक्रेन शाखेच्या प्रमुखाने राजीनामा दिला. आक्रमक व आक्रमिताला एका तागडीत घातले, असा रोष होता. तो समजण्यासारखा आहे. तरीही दोष नोंदविणे म्हणजे दोघांना समान ठरविणे नव्हे. प्रमाण, हेतू आणि स्वतः चौकशी करण्याची तयारी यांवरून फरक कळतोच, आणि तो सांगितलाही पाहिजे.

वादकांसाठी चार सूचना

या विषयावर व्यासपीठावर उभे राहणाऱ्या विद्यार्थ्यास आम्ही चार गोष्टी सांगतो. प्रत्येक विधानाबरोबर स्थळ व तारीख द्या. राष्ट्राला शिवी देऊ नका, कृत्य करणाऱ्याचे कृत्य सांगा. चढाईविरुद्ध बोलून तुरुंगात गेलेले रशियन नागरिकही आहेत. प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा आधी स्वतः मांडा आणि मग त्याचे उत्तर द्या. आणि मृतांचा आकडा उच्चारताना आवाज चढवू नका.

रशिया, अमेरिका, चीन व आपला भारत आजही आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचे सदस्य नाहीत. सदस्य असलेल्या मंगोलियाने सप्टेंबर २०२४ मध्ये पुतिन यांचे स्वागत केले, अटक केली नाही. म्हणून कोणी म्हणेल, या कागदांना अर्थ काय? अत्याचाराचा पंचनामा त्याच दिवशी झाला नाही, तर पुढे कितीही चांगला वकील मिळाला तरी खटला उभा राहत नाही, हा अनुभव ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या घेतला आहे, त्याच्या मुलांना हा प्रश्न पडू नये. न्यायालयाचे दार केव्हा उघडेल, हे पीडिताच्या हाती नसते. ते उघडेल त्या दिवशी नावे, तारखा व साक्षी लिहिलेल्या असणे, एवढे मात्र माणसांच्या हाती असते. आणि लिहिता-वाचता येणाऱ्या प्रत्येकाचे ते कर्तव्य आहे.