‘आरोप खोटे आहेत’ या खुलाशाची किंमत किती?



पूर्वी आपल्यापैकी बहुतेकांचा पैसा दोनच ठिकाणी असायचा, एक रानात आणि दुसरा कारखान्याच्या भागात. आता तसे राहिलेले नाही. ऊसबिल बँकेत जमा होते. त्यातून कुणी पतसंस्थेत मुदतठेव ठेवतो, कुणाचा मुलगा पुण्याला नोकरी करून म्युच्युअल फंडात हप्ता भरतो, तर कुणी सरळ कंपन्यांचे शेअर घेतो. यात वाईट काहीच नाही. पण पैसा दुसऱ्याच्या हाती दिला की एक प्रसंग कधी ना कधी येतो. अमुक कंपनीच्या हिशेबात गोलमाल असल्याची बातमी येते. लगेच दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांचा खुलासा येतो की, आरोप निराधार आहेत, गुंतवणूकदारांनी घाबरू नये. मग आपण काय करायचे? साहेबांवर विसंबून स्वस्थ बसायचे की पैसे काढायला पळायचे?

या पाठात आपण तीन खरी उदाहरणे बघू आणि त्यातून उत्तर शोधू.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. इन्कार हा कशाचाच पुरावा नव्हे. निर्दोष माणूस आरोप नाकारतो आणि लबाड माणूसही नाकारतो. कंपनी काय किंवा बँक काय, पतीवर चालते. ‘होय, आमच्या हिशेबात खोट आहे’ असे साहेबांनी म्हटले की त्याच दिवशी देणेकरी दारात उभे राहतात. तेव्हा दोषी असो वा नसो, नाही म्हणणे त्यांना भागच असते. नाही म्हणायला पैसेही पडत नाहीत. म्हणून साहेब काय म्हणाले यापेक्षा त्या बोलण्याच्या पाठोपाठ त्यांनी काय केले, हे बघायचे.

आपल्या रोजच्या व्यवहारातले उदाहरण घ्या. काट्याबद्दल शंका आली तर दोन प्रकारची उत्तरे मिळतात. एक म्हणतो, ‘इतकी वर्षे काटा चालवतोय, माझ्यावर संशय घेता?’ दुसरा म्हणतो, ‘चला, प्रमाणित वजने चढवून तुमच्यासमोर बघू.’ दोघेही आरोप नाकारतातच. पण पहिल्याने आपल्याला रागाशिवाय काही दिले नाही. दुसऱ्याने स्वतःच्या शब्दाची गरजच ठेवली नाही.

आता पहिले उदाहरण. एन्रॉन हे नाव महाराष्ट्राला नवे नाही. गुहागर तालुक्यातला दाभोळचा वीज प्रकल्प याच अमेरिकन कंपनीने आणला होता. पण कंपनी बुडाली ती दाभोळमुळे नव्हे. टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टन शहरी, मुख्य कचेरीतल्या हिशेबात खरी गोम होती. तोट्याचे व्यवहार आणि कर्ज कंपनीच्या ताळेबंदात दिसू नये म्हणून निराळ्या संस्था उभ्या करून त्यांच्या अंगावर ढकलले जात. ऑगस्ट २००० मध्ये एन्रॉनचा शेअर ९० डॉलरच्या घरात होता.

मार्च २००१ मध्ये ‘फॉर्च्युन’ मासिकाच्या एका महिला पत्रकाराने साधा प्रश्न विचारला की, ही कंपनी नफा नेमका कशातून कमावते? त्यावर मुख्याधिकारी जेफ्री स्किलिंग यांनी तिचे प्रश्न विचारणेच अनीतीचे ठरवले. पुढच्याच महिन्यात, १७ एप्रिल २००१ रोजी, गुंतवणूकदारांशी दूरध्वनीवर बैठक चालू होती. एका गृहस्थाने विचारले की, नफ्याचे आकडे जाहीर करता, मग त्याच वेळी ताळेबंद का देत नाही? स्किलिंग यांनी सर्वांच्या कानी पडेल अशी शिवी हासडली. ताळेबंद काही दिला नाही. चार महिन्यांनी, १४ ऑगस्ट रोजी, त्यांनी राजीनामा दिला. कारण सांगितले घरगुती.

दुसऱ्याच दिवशी कंपनीतल्याच एका महिला अधिकाऱ्याने अध्यक्ष केनेथ ले यांना लेखी कळवले की, हिशेबातले घोटाळे कंपनीला घेऊन बुडतील. ले यांनी चौकशी लावली. पण ती कुणाकडे दिली? कंपनीचेच काम बघणाऱ्या वकिलांकडे. शिवाय हिशेबाची पद्धत बरोबर की चूक या खोलात त्यांनी शिरायचे नाही, असेही ठरले. म्हणजे दुखणे पोटात आणि तपासायचा फक्त हात! अशा चौकशीतून काय निघणार? आणखी खोलवर तपासाची गरज नाही, एवढेच निघाले.

२६ सप्टेंबर २००१ रोजी ले यांनी आपल्या नोकरवर्गाला सांगितले की, सध्याच्या भावात आपला शेअर म्हणजे फार स्वस्तातला सौदा आहे. त्याच वर्षी ते स्वतःचे कोट्यवधी डॉलरचे शेअर कंपनीलाच परत विकून कर्ज भागवत होते. ऑक्टोबरच्या १६ तारखेला कंपनीने ६१ कोटी ८० लाख डॉलरचा तिमाही तोटा जाहीर केला. त्यानंतर आठवड्याने ले यांनी वित्त विभागाच्या प्रमुखावर पूर्ण विश्वास असल्याचे सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच प्रमुखाला दूर केले. २ डिसेंबर २००१ ला कंपनीने दिवाळे जाहीर केले. शेअर डॉलरभराचाही राहिला नव्हता. नोकरांच्या निवृत्तीच्या पुंजीतला निम्म्याहून अधिक पैसा याच शेअरमध्ये होता. नोकरी गेली आणि म्हातारपणाची भाकरीही गेली. २००६ साली ज्युरीने ले आणि स्किलिंग दोघांनाही दोषी ठरवले. ले शिक्षा होण्यापूर्वीच वारले आणि अपील ऐकले गेले नाही म्हणून त्यांच्यावरील दोष कायद्याने रद्द झाला. स्किलिंग यांनी बारा वर्षांहून अधिक काळ कैद भोगली.

दुसरे उदाहरण आपल्या देशातले. हैदराबादची सत्यम कॉम्प्युटर ही कंपनी १९८७ मध्ये निघाली. सप्टेंबर २००८ मध्ये तिला उत्तम कारभाराचा ‘गोल्डन पीकॉक’ पुरस्कारही मिळाला. त्याच वर्षी १६ डिसेंबरला संचालक मंडळाने अध्यक्षांच्या कुटुंबाशी संबंधित दोन कंपन्या सुमारे १६० कोटी डॉलरला विकत घेण्याचा ठराव केला. गुंतवणूकदार खवळले आणि काही तासांतच ठराव मागे घ्यावा लागला. पुढच्या आठवड्यात जागतिक बँकेने जाहीर केले की, आपल्या कर्मचाऱ्यांना गैर लाभ दिल्याबद्दल सत्यमला आठ वर्षे काम देणे बंद केले आहे. त्यावर सत्यमने काय करावे? बँकेनेच निवेदन मागे घ्यावे आणि माफी मागावी, अशी उलट मागणी केली. आवाज असा चढा, की ऐकणाऱ्याला वाटावे कंपनीची बाजू खरीच असणार. पण त्याच दिवसांत चार स्वतंत्र संचालक राजीनामे देऊन बाहेर पडले.

७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी स्वतःच पत्र लिहून कबुली दिली. हिशेबात रोख व बँकेतली शिल्लक ५,३६१ कोटी रुपये दाखवली होती. त्यातले ५,०४० कोटी नव्हतेच. म्हणजे खरी शिल्लक ३२१ कोटी. त्या एका दिवसात शेअर १७९ रुपयांच्या आसपासवरून ४० रुपयांच्या खाली आला. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने राजू यांच्यासह १० जणांना दोषी ठरवले. पुढे अपिलात शिक्षेला स्थगिती मिळाली.

आता तुम्ही म्हणाल, बँकेतली शिल्लक खोटी कशी दाखवता येईल? हिशेबतपासनीस बँकेला विचारत नाहीत का? खरी मेख इथेच आहे. शिल्लक खरी आहे का, हे बँकेकडून लेखी मागवायचे असते, आणि ते पत्र बँकेकडून थेट तपासनिसाच्या हाती यायला हवे. २०११ मध्ये अमेरिकेच्या रोखे आयोगाने दंड करताना दाखवून दिले की, इथे पत्रे पाठवणे आणि उत्तरे आणणे हे काम तपासनिसांनी कंपनीच्याच माणसांवर सोडले होते. ज्याच्या काट्यावर शंका, त्यालाच वजने आणायला पाठवले तर दुसरे काय होणार?

तिसरे उदाहरण मुद्दाम उलट बाजूचे घेतो, नाहीतर प्रत्येक आरोप खराच असतो असा समज व्हायचा. पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेल्या इन्फोसिसबद्दल २१ ऑक्टोबर २०१९ रोजी एक निनावी तक्रार उघड झाली. मुख्याधिकारी आणि वित्ताधिकारी नफा फुगवून दाखवतात, असा आरोप होता. दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे १६ टक्के पडला. अध्यक्ष नंदन निलेकणी यांनी शेअर बाजाराला लेखी कळवले की, तक्रार लेखापरीक्षण समितीपुढे ठेवली आहे आणि ज्यांच्यावर आरोप आहेत ते दोघे या कामापासून दूर राहतील. बाहेरचे वकील आणि बाहेरचे हिशेबतज्ज्ञ नेमले गेले. शंभराहून अधिक मुलाखती झाल्या, दोन लाखांवर कागदपत्रे तपासली गेली. १० जानेवारी २०२० रोजी समितीने कळवले की, आरोपांना आधार सापडला नाही. अमेरिकेच्या रोखे आयोगानेही मार्च २०२० मध्ये कारवाई न करता आपली चौकशी संपवली. जानेवारीपर्यंत शेअरची बरीच घसरण भरून निघाली होती. २२ ऑक्टोबरला घाबरून विकणाऱ्याने नुकसान करून घेतले, हेही खरे.

एन्रॉननेही चौकशी केली आणि इन्फोसिसनेही केली. फरक एवढाच की एकीकडे चौकशी आपल्या माणसाकडे आणि मूळ दुखणे सोडून, तर दुसरीकडे बाहेरच्याकडे आणि आरोपितांना दूर ठेवून.

यावरून खुलासा वाचताना स्वतःला चार प्रश्न विचारावेत.

१. उत्तर प्रश्नाला दिले आहे की विचारणाऱ्याला? आकड्याबद्दल विचारले आणि उत्तरात ‘विरोधकांचे कारस्थान’ एवढेच आले, तर प्रश्न अजून उभाच आहे असे समजावे.

२. तिसऱ्या माणसाला तपासता येईल असे काय पुढे केले? आणि तो तिसरा माणूस खरोखर तिसरा आहे ना?

३. आतली माणसे काय करताहेत? संचालक, हिशेबनीस, तपासनीस एकापाठोपाठ बाहेर पडू लागले तर कान टवकारावेत.

४. सांगणाऱ्याचा स्वतःचा पैसा कुठल्या दिशेने चालला आहे? आपल्याला ‘घ्या’ म्हणतो आणि स्वतः विकतो, असे तर नाही ना?

चारही उत्तरे मिळेपर्यंत सगळे काढायलाच हवे असे नाही, पण नवा पैसा घालू नये. आणि मुळातच सगळा पैसा एका ठिकाणी ठेवू नये. एन्रॉनच्या नोकरांना तोच फटका बसला.

ठेवीदाराने आणखी एक जाणून असावे. शेअर निदान त्या दिवसाच्या भावाला विकता येतो. ठेव अडकली की अडकली. २३ सप्टेंबर २०१९ रोजी पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा पहिल्या आदेशात खातेदाराला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढण्याची मुभा होती. फेब्रुवारी २०२० पासून बँकेतल्या ठेवीला दर ठेवीदारामागे, व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था त्यात येत नाही. कारखान्याकडच्या ठेवीलाही हे कवच नाही.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हे चार प्रश्न फक्त हैदराबाद आणि ह्यूस्टनच्या साहेबांसाठी नाहीत. आपल्या पतसंस्थेला, बँकेला आणि आपल्या कारखान्यालाही ते तितकेच लागू आहेत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३२ प्रमाणे सभासदाला शेवटचा तपासलेला ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सभांची इतिवृत्ते आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी कचेरीच्या वेळेत मोफत पाहता येतात. लेखापरीक्षक नेमण्याचा विषयही वार्षिक सभेपुढेच येतो. आपण काय करतो? अहवाल हातात आला की फोटो बघतो आणि जेवायला उठतो. हिशेब विचारणारा म्हणजे विरोधक, असे आपणच मानू लागलो तर उद्या कुणाच्याही खुलाशावर मान डोलवण्याखेरीज आपल्या हाती काही उरणार नाही. चोख कारभार करणाऱ्याला असा प्रश्न ओझे वाटत नाही. त्याला वजने चढवून दाखवायची संधी मिळते.

गटसभेत चर्चेसाठी प्रश्न :

(१) आपल्या घरचा पैसा किती ठिकाणी आहे? त्यांपैकी कुठल्या ठेवीला विम्याचे संरक्षण आहे?

(२) मागच्या वार्षिक अहवालातला लेखापरीक्षकाचा शेरा तुम्ही वाचला का? त्यात कोणते दोष दाखवले आहेत आणि दुरुस्तीसाठी काय केले म्हणून सांगितले आहे?

(३) एखाद्या संस्थेचा नुकताच वाचनात आलेला खुलासा घ्या आणि वरचे चार प्रश्न त्याला लावून बघा. किती प्रश्नांना उत्तर मिळते?