खिम्याचं पाणी आटू दे

गिरगाव, मंगळवार

चि. बाळ यास,


काल रात्री वहिनीचा फोन आला. रविवारपासून अण्णांचं पोट बिघडलंय आणि तू मला एका शब्दाने कळवलं नाहीस. पाऊस असला तरी छत्री घेऊन शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर जाणारा माणूस दोन दिवस खाटेवर आहे! घरातल्या सगळ्यांसाठी खिमा-पाव केलास, त्याचं कौतुकच आहे. पण फ्रीझरमधला खिमा रात्रभर ओट्यावर राहिला म्हणे, आणि मऊ राहावा म्हणून आतून गुलाबी असतानाच तू गॅस बंद केलास. पावसाळ्यात, बाळा? ८८ वर्षांच्या आजोबांसाठी?

अमेरिकेत गोल पावात गोमांसाचा सैलसर खिमा भरून खातात, तसं तुला घरी करायचं होतं. बोकडाचा आणलास, ठीक केलंस. पण तिथे गुलाबी ठेवतात तो स्टेक. अख्ख्या तुकड्याचे जंतू बहुतेक वरच्या अंगाला असतात, तव्यावर मरतात. खिमा यंत्रातून काढला की वरचं सगळं आत मिसळतं. म्हणून तिथलं सरकारसुद्धा खिमा आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअस तापवायला सांगतं. आई एवढंच म्हणायची, पाणी आटू दे, तेल सुटू दे. पाणी आटेपर्यंत ते ७१ अंश केव्हाच मागे पडतात.

अण्णांना ताप नाही ना? जुलाबातून रक्त? तसं काही असेल, किंवा आजही थांबलं नसेल, तर हे पत्र बाजूला ठेव आणि त्यांना डॉक्टरांकडे ने. मीठ-साखरेचं पाणी घोटघोट देत राहा.

तुला रागावतेय खरी, पण १९८३ साली मी तुझ्यापेक्षा वाईट केलं. अठरा वर्षांची होते. प्लाझाचा तीनचा खेळ गाठायचा होता. खिम्याकडे बघ, सांगून आई बाहेर गेली होती. पाणी तसंच असताना मी पातेलं उतरवलं, अण्णांना वाढलं आणि निघाले. परतले तेव्हा अण्णा मोरीत भिंत धरून उभे होते. आईने विचारलं तर म्हणाले, "मीच दोन पाव जास्त खाल्ले." आईला खरं सांगायचं माझ्याकडून राहूनच गेलं. आता ती नाही.

काल वहिनी म्हणाली, अण्णा सांगताहेत, "पोराने छान केलं होतं, मीच जास्त खाल्लं." फोन ठेवल्यावर मला झोप लागली नाही.

तू घाबरून खिमा करणं सोडू नकोस. अण्णा बरे झाले की गटारीच्या आधीच्या रविवारी पुन्हा कर. खिमा सकाळीच सिटीलाइटच्या गोपी टँक मंडईतून, डोळ्यांसमोर काढून आण. आदल्या दिवशी आणलास तर फ्रिजमध्ये ठेव, ओट्यावर नाही. मटार शेवटी घाल, अण्णांसाठी तिखट बेताचं. मी दहापर्यंत येते, पावाची लादी घेऊनच. कांदा मी चिरेन, तुझ्या डोळ्यांना लागतो. अण्णांचा पाव मात्र तू भाज, लोणी लावून. तुझ्या हातचं त्यांना आवडतं.

आज संध्याकाळी ते उठून बसले का, तेवढं फोन करून सांग.

तुझी,
आत्या