जुना संगणक नवी सिस्टिम का उचलत नाही?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ची नियमित मोफत दुरुस्ती थांबवली. अनेक जुन्या संगणकांवर विंडोज ११ रीतसर बसत नाही. बिले आणि हिशेब यापुरताच संगणक लागणारे दुकानदार त्यामुळे मोफत लिनक्सकडे वळत आहेत. पण सिस्टिम बसते, पेन ड्राइव्ह काढला जातो आणि पडद्यावर नुसता काळोख! अशा वेळी मशीन भंगारात काढण्याची घाई करू नये. हजारो रुपये वाचू शकतात.

मूळ कारण समजून घेऊ. संगणक सुरू होताच मदरबोर्डवरील चिपमधला प्रोग्राम सिस्टिम शोधू लागतो. जुन्या बायोस पद्धतीत तो हार्ड डिस्कचे पहिले ५१२ बाइट वाचतो. नव्या यूईएफआय पद्धतीत तो डिस्कच्या एका लहान स्वतंत्र भागातील फाइल शोधतो. सिस्टिम एका पद्धतीने बसवली आणि मशीन दुसऱ्या पद्धतीवर ठेवले, तर दोघांची गाठच पडत नाही.

तपासणी या क्रमाने करावी :

१) मशीन सुरू होताना एफ-२ किंवा डिलीट दाबून सेटिंग उघडावे. (कंपनीनुसार बटण बदलते.) तेथे हार्ड डिस्क दिसत नसेल तर केबल नीट बसवावी.

२) बूटच्या क्रमात हार्ड डिस्क पहिली ठेवावी.

३) बूटच्या यादीत पेन ड्राइव्ह पुष्कळदा दोनदा दिसतो, एका नावापुढे यूईएफआय असते. मशीन ज्या पद्धतीवर चालवायचे, तेच नाव निवडून सिस्टिम पुन्हा बसवावी.

४) तरीही अडले तर सिक्युअर बूट बंद करून पाहावे.

५) तारीख वारंवार मागे जात असेल तर मदरबोर्डवरील ३ व्होल्टची सीआर २०३२ बॅटरी बदलावी. ती संपली की जुन्या मशीनमध्ये रात्री वीज बंद करताच सेटिंग पुसले जाते आणि काल चाललेला संगणक आज अडतो.

भाट्येसारख्या खाडी आणि समुद्राच्या गावात आणखी एक काळजी घ्यावी. खाऱ्या, दमट हवेने शटर गंजते, तसेच बॅटरीचे व मेमरीचे संपर्कबिंदूही खराब होतात. वीज काढून ते कोरड्या, मऊ कापडाने हलकेच पुसावेत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सिस्टिम बसवण्यापूर्वी हिशेबाची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. मशीन नवे मिळते. पुसलेली उधारीची वही मिळत नाही.