चांदोलीचे जंगल

(सांगली व सातारा जिल्ह्यांच्या पश्चिमेस असलेल्या एका मोठ्या जंगलाची माहिती या पाठात दिली आहे.)

मुलांनो, सांगलीजवळ हरिपूर येथे वारणा नदी कृष्णेला मिळते. हे पाणी कोठून येते? नदीच्या काठाने पश्चिमेकडे जा. उसाचे मळे मागे पडतील, शिराळा तालुका लागेल आणि मग सह्याद्रीचे डोंगर दिसू लागतील. तेथेच चांदोली राष्ट्रीय उद्यान आहे.

'उद्यान' म्हटले, की तुम्हांला झोपाळे आणि फुलझाडे आठवतील. पण हे तर घनदाट जंगल आहे! येथे जांभूळ, हिरडा, ऐन ही झाडे आहेत. गवा, अस्वल, बिबट्या, सांबर आणि शेकरू हे प्राणी राहतात.

१९८५ साली चांदोली हे अभयारण्य झाले. २००४ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ३१८ चौरस किलोमीटर आहे. राष्ट्रीय उद्यानाचे नियम अधिक कडक असतात. तेथे गुरे चारण्यासही बंदी असते. २०१० साली चांदोली आणि सातारा जिल्ह्यातील कोयना अभयारण्य मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प तयार झाला.

या जंगलाचा आपल्याला काय उपयोग? पावसाचे पाणी आधी पानांवर पडते, मग पालापाचोळ्यातून हळूहळू जमिनीत मुरते. झाडांची मुळे माती धरून ठेवतात. त्यामुळे धरणात गाळ कमी जातो. वारणेच्या धरणाचे पाणी शेतीला मिळते. कोयनेच्या पाण्यावर पोफळी येथे वीज तयार होते. म्हणजे तुमच्या घरातील दिव्याचेही जंगलाशी नाते आहे.

पण एक गोष्ट विसरू नका. धरणांसाठी आणि जंगलासाठी अनेक गावांतील लोकांना आपली घरे सोडावी लागली. वाडवडिलांची शेते, विहिरी, देवळे मागे राहिली. नव्या जागी जमीन आणि पाणी मिळावे, म्हणून त्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. जंगल वाचवणे आवश्यक आहे. पण त्यासाठी ज्यांनी घर सोडले, त्यांना न्याय देणेही तितकेच आवश्यक आहे.

तुम्ही चांदोलीला सहलीला गेलात, तर वनखात्याची परवानगी घ्या. गोंगाट करू नका. प्लॅस्टिक टाकू नका. तेथील घरमालक प्राणी आहेत, आपण पाहुणे आहोत!

शब्दार्थ
अभयारण्य – जेथे प्राण्यांना भय नाही असे अरण्य
व्याघ्र – वाघ
गाळ – पाण्याच्या तळाशी साचलेली माती
पालापाचोळा – गळून पडलेली सुकी पाने

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वारणा नदी कृष्णेला कोठे मिळते?
(आ) चांदोली राष्ट्रीय उद्यान केव्हा झाले?
२. कारणे लिहा : जंगलामुळे धरणात गाळ कमी जातो.
३. 'जंगल' हा शब्द उर्दूतही आहे. दोन्ही भाषांत असलेले आणखी पाच शब्द पाठातून शोधा.
४. गाव सोडावे लागलेल्या मुलाला काय वाटले असेल? पाच वाक्ये लिहा.